भिंतीने प्यायलेला श्वास

केतकी खोकायला लागली की जुईली आधी छताकडे बघायची, मग बहिणीकडे. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहत होती. तिच्या मिक्सरचा आवाज खाली यायचा, मग खालचा खोकला वर जात नसेल कशावरून? म्हणून उबळ आली की केतकीने तोंडावर उशी दाबायची आणि जुईलीने टीव्ही मोठा करायचा, असं दोघींचं न बोलताच ठरून गेलं होतं.

त्या रविवारी सकाळी मात्र उबळ थांबेचना. केतकी पलंगावर ओणवी झाली, डोळ्यांतून पाणी आलं, ओठ फिके पडले. कसाबसा श्वास बसला तेव्हा मान वर न करता तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

"हे पाह्य व जुई. अजून वाढलं."

मागच्या खोलीतल्या त्या भिंतीवर जून संपताना मिरीच्या दाण्यांएवढे काळे ठिपके उठले होते. आता श्रावण निम्मा सरला होता आणि ठिपक्यांचं परातीएवढं मंडळ झालं होतं. मधे काळं, मग शेवाळी, कडेला कापसासारखी पांढरी लव. जुईली कुडाळच्या एका काजू कारखान्यात माल तपासायचं काम करायची. पोतं उघडायच्या आधीच तिला बुरशीचा वास कळायचा. घरातला वास मात्र तिला येईनासा झाला होता.

"मालकिणीले सांग ना. भिंत तं पाहून घेईल ती."

"सांगितलं की ती ओलवाचन मागवेल, केतू."

केतकीने उशी पुन्हा मांडीवर ओढली.

ओलवाचक हे यंत्र येण्याआधी ओलीवरून होणारी भांडणं कधी मिटत नसत. भाडेकरू म्हणायचा, भिंत गळते. मालक म्हणायचा, तुम्ही घरात कपडे वाळवता, दारं-खिडक्या लावून बसता. खरं कोण, हे ठरवणार कसं? त्यात उन्हाळे सोसेनासे झाल्यावर घरोघरी भिंतींना उष्णता अडवणारे थर चढवले गेले, छताखालचे झरोके बुजवले गेले. घरं उन्हाळ्यात गार राहायला लागली आणि पावसाळ्यात आतल्या आत घामेजायला लागली. बुरशीने छाती भरलेली मुलं दवाखान्यांत दिसू लागली, तेव्हा भाड्याच्या घरांसाठी नवा कायदा झाला. ज्याचं पाणी, त्याची जबाबदारी.

पाणी कोणाचं हे सांगायचं काम ओलवाचकाचं. त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. सगळं पाणी सारखं नसतं. पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणूंत थोडे अणू बाकीच्यांपेक्षा किंचित जड असतात. समुद्रावरून आलेला ढग हे जड पाणी आधी टाकतो, त्यामुळे किनाऱ्यावरचा पाऊस जरा जड. तोच ढग आत देशावर पोचेपर्यंत हलका झालेला असतो. धरणात साठून उन्हाने आटलेलं पाणी आणखी निराळं. अशी प्रत्येक मुलखाच्या पाण्याची आपली एक खूण असते. माणूस जे पाणी पितो तेच त्याच्या रक्तात, घामात आणि श्वासाच्या वाफेत उतरतं. त्याने गाव बदललं तरी अंगातलं जुनं पाणी पुरतं जायला काही आठवडे लागतात.

बुरशी भिंतीवरची ओल पिऊन वाढते आणि त्या पाण्यातले अणू स्वतःच्या शरीरात बांधून टाकते. ती मधून कडेकडे पसरते. म्हणजे मधला भाग जुना, कडेचा नवा. ओलवाचकाची सुई मधून कडेपर्यंत फिरवली की जूनमध्ये ती काय प्यायली, जुलैमध्ये काय प्यायली, हे ओळीने कळायचं. पावसाचं पाणी, नळाचं पाणी, की घरातल्या माणसाच्या श्वासाचं. आणि श्वासाचं असलं, तर कुठून आलेल्या माणसाच्या.

हे शेवटचं कायदा करताना कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. शेजारच्या वसाहतीत बँकेतली एक मुलगी भाड्याने राहायची. तिच्या घराचं वाचन झालं, भिंत गळते हे सिद्ध झालं, मुलगी जिंकली. पण अहवालाच्या तळाशी आणखी एक ओळ आली होती: 'नोंद नसलेल्या व्यक्तीची जलखूण, हिमालयाच्या पायथ्याकडील.' तिचा सैन्यातला मित्र सुट्टीत येऊन राहिला होता. पुढच्या भाडेकरूला घराचा इतिहास कळावा म्हणून हे अहवाल पत्त्यासकट सगळ्यांना खुले ठेवलेले. लोकांनी ती ओळ चघळून चघळून तिचा चोथा केला. मुलगी जिंकलेलं घर सोडून निघून गेली.

जुईलीच्या भिंतीत चंद्रपूरकडचं पाणी होतं.

केतकी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याहून पळून आली होती. तिच्या नवऱ्याने, रुपेशने, तिचं मनगट मोडलं तेव्हा ती चौकीत गेली होती. तिथे तिला समजुतीने घ्या म्हणून सांगितलं आणि त्याच्याच गाडीत बसवून घरी पाठवलं. दुसऱ्यांदा ती चौकीत गेली नाही. नागपूरला एका मैत्रिणीकडे लपली. त्याच आठवड्यात रुपेश कुडाळला येऊन गेला. जुईलीच्या सोफ्यावर बसून त्याने चहा घेतला, हसत हसत एकेक खोली पाहिली आणि जाताना म्हणाला, "आली तं कळवा बरं का ताई. मले कळतेच तसं." तो गेल्यानंतर केतकी आली. वकीलबाई कोर्टात अर्ज करायची तयारी करत होत्या. संरक्षणाचा आदेश हाती येईपर्यंत कोणाच्या नजरेस पडू नका, एवढंच त्यांनी बजावलं होतं.

रुपेश कामाने घरांच्या विम्याचा दलाल होता. ओलवाचनाचे अहवाल चाळणं हे त्याचं रोजचं काम.

*

घरमालकीण मनीषाकाकी त्याच दिवशी दुपारी खाली आल्या. साठी ओलांडलेल्या, उंच, हाडापेराने मजबूत. एसटीत वाहक म्हणून नोकरी केलेली, त्यामुळे आवाज असा की दोन शब्दांत दारापासून मागच्या खोलीपर्यंत जायचा. जुईलीशी त्यांचं तसं बरं होतं. कोकमं वाळवली की वाटीभर खाली यायची, तिच्या घरचा तिखट झुणका वर जायचा. आज मात्र त्यांच्या हातात वाटी नव्हती, फोन होता.

"हे बघ. घरात बसवलेला ओलमापक दाखवतोय, तुझ्या घरातल्या हवेची ओल. एका माणसाच्या घरात एवढी ओल होत नाय. मापकाच्या कंपनीचा माणूस म्हणाला, आत दोघं असतील नायतर रोज कपडे वाळत असतील."

"पाऊस आहे ना काकी, बाहेर वाळत नाहीत."

"माझे वाळतात. पडवीत." त्यांनी आत पाहिलं. "माझ्या स्वयंपाकघरात खालच्या अंगाला काळं आलंय. बरोबर तुझ्या मागच्या खोलीवर. बघू दे एकदा ती खोली."

जुईली दारात उभी राहिली. मागे दाराआड केतकी उशीत तोंड घालून बसली असणार, हे तिला दिसल्यासारखं कळत होतं.

"खोली आवरलेली नाही. उद्या बघा."

"मी काय पाहुणी आहे? आवरलेली नाय म्हणे." काकी पुढे सरकल्या. जुईली हलली नाही. दोघींमध्ये हातभर अंतर राहिलं. काकी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि त्यांचा आवाज उतरला. उतरला की तो जास्त भीतिदायक वाटायचा.

"तुझ्या घरात कोण आहे, जुईली?"

"कोणी नाही."

"बरं. मग यंत्रच सांगेल. बुधवारी निरीक्षकाला बोलावते."

त्या गेल्यावर थोड्याच वेळात जुईलीच्या फोनवर नोटीस आली. नमुना बुधवारी घेतला जाईल. त्याआधी दोन पक्षांपैकी एकाने जबाबदारी मान्य केली तर वाचन होणार नाही. मालकाने मान्य केली तर भिंतीची दुरुस्ती, आजाऱ्याचा उपचार त्याच्याकडे, आणि दुरुस्ती होईपर्यंत घरावर 'आजारी घर' असा शिक्का. भाडेकरूने मान्य केली तर त्याने घर सोडायचं आणि त्याचं नाव दोषींच्या यादीत जायचं. एकदा नाव त्या यादीत गेलं की गावात कोणी खोली देत नसे.

"मी मान्य करून टाकते," जुईली म्हणाली.

"आन् जाऊ कुठं आपण?" केतकीने विचारलं. "माह्यासाठी तू घर सोडशील, मंग दुसरं भेटणार नाही, मंग नोकरी सोडशील. मी कायले आली इथं? तुले बरबाद करायले?"

"आईकडे जायची सोय असती तर..."

"आई नाही आता." केतकीने भिंतीकडे पाहिलं. "हे खरवडून फेकलं तं? नमुनाच नाही राहिला तं काय वाचतीन?"

"हात लावू नको त्याले. कोरडी बुरशी उडते, छातीत जाते. मी विचार करते काहीतरी."

विचार करता करता मंगळवार उजाडला. जुईलीला काही सुचलं नव्हतं. ती कामावर गेली.

*

दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी काकींचा फोन आला.

"जुईली, तू खय आसस? तुझ्या घरात कोणतरी आहे गो. बाईमाणूस. खोकतेय नुसती. मी दार वाजवतेय तर उघडत नाय. आता आवाज पण येईना झालाय."

जुईलीच्या हातातली काजूगरांची तबकडी टेबलावर उलटली. खोटं बोलायला एक क्षण होता. चोर शिरला असेल, टीव्ही चालू राहिला असेल, काहीही. तो क्षण तिने जाऊ दिला.

"काकी, तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे ना? दार उघडा. मागच्या खोलीत जा. माझी बहीण आहे ती."

पलीकडून किल्लीचा आवाज आला. मग पावलं, मग काकींचा मोठ्याने "अरे देवा!" आणि त्यांचा खोकला.

"भिंत खरवडलीय हिने! उलथणं आहे हातात. खोली धुळीने भरलीय... ए बाय, डोळे उघड. उघड बघू. जुईली, मी गाडी काढते. तू सरळ हॉस्पिटलात ये."

जुईली पोचली तेव्हा काकींची जुनी गाडी दारातच आडवी लावलेली होती. आत केतकीच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. नखं निळसर पडली होती. केसांत, भुवयांत काळपट भुकटी. काकी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या साडीच्या खांद्यावरही तीच भुकटी होती, केतकीचं डोकं टेकलेल्या जागी.

नोंद करणारी परिचारिका पुढे आली. "पेशंटचं नाव?"

जुईलीने तयार ठेवलेलं नाव ओठांवर आणलं. "संध्या..."

केतकीने मास्क बाजूला केला. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी एकेक शब्द तिने वेगळा काढला.

"केतकी. रुपेश. मत्ते."

"केतू!"

"मरायचंच असन... तं माह्या नावानं मरते."

परिचारिकेने दोघींकडे पाहिलं, केतकीच्या वाकड्या सांधलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडे संरक्षण अधिकारी मॅडम येतात. त्यांना बोलावू का?" केतकीने होकारार्थी मान हलवली.

डॉक्टर संध्याकाळी बाहेर आले. बुरशीच्या कणांनी फुप्फुसं आतून सुजली होती. वेळेत आणलं म्हणून निभावलं. सूज उतरेल, पण त्या खोलीत ती परत जाता कामा नये. आणखी एकदा असं झालं तर सांगता येत नाही.

डॉक्टर गेल्यावर बाकड्यावर दोघीच उरल्या. जुईलीने सगळं सांगितलं. मनगट, चौकी, रुपेशचा चहा, उशी. काकी समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होत्या.

"माका फसवलंस," ती थांबल्यावर त्या म्हणाल्या.

"हो."

"तोंडावर. माझ्या दारात उभी राहून. मी किती वेळा विचारलं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ठेवलं असतं तिला?"

काकींनी विचार केला. खोटं बोलल्या नाहीत. "ठाऊक नाय. कदाचित नसतं ठेवलं. लफडं नको म्हटलं असतं."

"मी जबाबदारी मान्य करते, काकी. आत्ता फोनवरून होते. वाचन होणार नाही. आम्ही जातो."

"जातेस कुठं? तिला धाप लागते उठून बसायला." काकी उठल्या, पदर झटकला, भुकटी पाहून पुन्हा खाली बसल्या. "आणि तू मान्य केलंस की माझी भिंत काय होणार? तशीच. रंग मारून मी पुढचा भाडेकरू आणणार. मग त्याचं पोर खोकणार. नाव कोणाचं लागेल ते लागो, भिंत तर खोकायची थांबत नाय."

"मग यंत्राला खरं सांगू दे म्हणता?"

"मला काय कळतं ते सांगू? मला खरंच कळत नाय." त्यांचा आवाज चढला, दोन पेशंट वळून बघायला लागले. "पाणी माझं की तुझं, मला ठाऊक नाय. माझा नळ गळत असेल. तुम्ही दोघी कोंडून राहिलात म्हणून झालं असेल. मी घरी जाते. सकाळी बघू."

*

बुधवारी निरीक्षक निळी पेटी घेऊन आले. तरुण, नम्र, पायांतले बूट बाहेर काढून ठेवणारे. त्यांनी पेटी उघडली. आत पेनासारखी बारीक सुई, तिला जोडलेली एक नळी आणि तळहाताएवढा पडदा. केतकीने वरवर खरवडलं असलं तरी गिलाव्यात मुळं शिल्लक होती. त्यांना तेवढी पुरेशी होती.

जुईली पलंगाच्या कडेला उभी होती. फोन हातात, मान्यतेचं पान उघडं. काकी अजून खाली आल्या नव्हत्या. निरीक्षकांनी सुई भिंतीपाशी नेली. जुईलीने बोट फोनच्या पडद्यावर ठेवलं.

"थांबा हो!"

काकी दारात उभ्या होत्या. निरीक्षकांनी सुई मागे घेतली.

"जबाबदारी माझी. मी मालकीण. वाचन नको."

"काकू, घाई करू नका," निरीक्षक म्हणाले. "ह्या मंडळाचा आकार बघून मला वाटतं, ही घरातल्या वाफेची बुरशी असावी. चूक तुमची नसेलही. घरावर शिक्का बसला तर किती दिवस भाडं बंद राहील, विचार करा. वाचन झालं की खरं काय ते समोर येईल."

"आणखी काय येईल समोर?"

"म्हणजे?"

"पाणी सोडून. माणसांचं काय येईल?"

निरीक्षक जरा अडखळले. "घरात कोण होतं, ते साधारण कुठून आलं, कधीपासून... तेवढं येतंच. आम्ही ते गाळू शकत नाही."

"मग नकोच." काकींनी त्यांच्या पडद्यावर अंगठा टेकवला. "लिहा, सरमळकर मनीषा. आणि चहा घेऊन जा."

निरीक्षकांनी जाताना दाराच्या चौकटीवर पिवळा शिक्का चिकटवला. काकी तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या पायांवर डोकं ठेवायला येऊ नको. भिंत फोडायला गवंडी आणायचाय. तू पलंग ओढ."

*

गवंडी दुसऱ्या दिवशी आला. जुईलीने रजा घेतली होती. गिलावा उतरला, मग उष्णता अडवणारा थर सोलून काढला, मग आतल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यात छिन्नी बसली. वरून येणारा नळ त्याच भिंतीतून गेला होता. काकी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. गवंड्याने नळाभोवतीचा चिरा मोकळा केला, बोट फिरवलं आणि त्यांच्यापुढे धरलं. बोटाला तांबडी भुकटी लागली होती. कोरडी ठणठणीत.

"नळ एकदम बरो आसा, वैनी. चिरो पण सुको. पाणी आतून नाय, खोलीतूनच इला."

म्हणजे पाणी दोघी बहिणींचंच होतं. खिडकी रस्त्यावर म्हणून बंद ठेवलेली, खोकल्यासाठी रोज घेतलेली वाफ, दिवसरात्र आत राहणारी केतकी. तिने सोडलेला प्रत्येक श्वास भिंतीवर बसला होता आणि भिंतीने तो बुरशीला पाजला होता. बहिणीला वाचवायला म्हणून जुईलीने ती खोली बंद केली होती.

"काकी," ती म्हणाली, "मी निरीक्षकांना फोन करते. चूक माझी आहे. तुमचा शिक्का काढायला सांगते."

काकींचा चेहरा लाल झाला होता. "कर! कर फोन! घर माझं फोडलंस, भाडं माझं बुडवलंस, आणि आता धर्मराज व्हायला निघालीस. येऊ दे परत तो सुईवाला. तुझ्या बहिणीचं नाव-गाव वाचून दाखवू दे सगळ्या जगाला. मग मी अंगठा कशाला दिला?"

त्या ताडताड जिना चढून वर गेल्या. वर भांडी आदळल्याचा आवाज आला. गवंडी चिऱ्यावर बसून तंबाखू मळायला लागला. जुईली मलब्यात उभी राहिली. निघून जावं की वर जावं, तिला ठरवता येईना.

बऱ्याच वेळाने काकी खाली आल्या. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा. त्यांनी भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"इथे झरोका होता. आमच्या सासऱ्यांनी ठेवलेला. उन्हाळ्यात घर गार राहतं म्हणून मी तो बुजवला, पैसे मिळत होते सरकारच्या योजनेत. तुला खोली दिली तेव्हा सांगितलं नाय, की हिच्यात हवा फिरत नाय." गवंड्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तो उघड. आणि समोर दुसरा पाड, मागच्या अंगणाकडे. मोठा पाड. माणूस आत राहणार म्हणजे श्वास सोडणारच, तो जायला वाट नको?"

मग जुईलीला, "अर्धी चूक तुझी आहे. ती मी विसरणार नाय. पण फोन करू नको."

*

हॉस्पिटलातली नोंद रुपेशपर्यंत कशी पोचली ते कळलं नाही, पण पोचली. केतकीला घरी आणून चार-दोन दिवस झाले होते. काकींनी तिला वरच्या मजल्यावर, स्वतःच्या पुढच्या खोलीत ठेवलं होतं. संरक्षण अधिकारी मॅडम दोनदा येऊन गेल्या होत्या. त्यांच्या अर्जावर कोर्टाने तात्पुरता आदेश दिला होता: रुपेशने ह्या घराच्या जवळ यायचं नाही. दुपारी पांढरी गाडी येऊन फाटकाशी थांबली तेव्हा आदेश त्याला मिळाला होता की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं.

तो उतरला. तेच हसू. जुईली पडवीत होती.

"काय ताई, मी म्हटलं होतं ना, मले कळते. बायकोले न्यायले आलो. आजारी आहे म्हणे."

"फाटकाच्या बाहेर," काकी जिन्यावरून उतरत म्हणाल्या. हा तोच आवाज होता ज्याने भरल्या एसटीत शेवटच्या सीटवरचा माणूस उठून उभा राहायचा.

"तुम्ही कोण?"

"मालकीण. वर राहते ती बाई माझी भाडेकरू आहे, करार झालाय तिच्या नावाने, तिच्या सहीने. तिने बोलावलं तर आत या. नायतर रस्ता सरकारचा आहे, त्यावर उभे राहा, पोलीस येईपर्यंत."

"नवरा-बायकोतलं आहे काकू, तुम्ही मधात नका पडू."

समोरच्या घरातले दोघं-तिघं बाहेर आले होते. जुईलीने फोन कानाला लावला होता, संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर वाजत होता. रुपेशने फाटकाच्या कडीला हात घातला.

"रुपेश."

केतकी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. एका हाताने कठडा धरलेला. एवढं चालूनही तिला धाप लागली होती.

"तुले मी बोलावलं नाही," ती म्हणाली. दम घेतला. "पळून नाही आली मी. निघून आली. कोर्टात सांगीन सगळ्याइसमोर. आता हात काढ."

तो हसायला गेला. मग त्याने समोरच्या घरातल्या माणसांकडे पाहिलं, जुईलीच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. फोनवर मॅडमचा आवाज मोठ्याने येत होता, पोलीस निघालेत, त्याचा गाडी नंबर सांगा म्हणून. जुईलीने नंबर वाचून सांगितला, जरूर नसताना ओरडून. कडीवरचा हात निघाला.

"पाहून घेतो," तो म्हणाला. पण ते गाडीकडे वळून म्हणाला.

गाडी वळली आणि गेली. पोलीस आले, जबाब घेतला, तेही गेले. समोरची माणसं थोडा वेळ रेंगाळली आणि मग आपापल्या कामाला लागली. पावसाने उघडीप दिली होती.

केतकी हळूहळू खाली आली. एकेका पायरीवर थांबत. फाटकापाशी पोचल्यावर तिने कडी काढली.

"कुठं चालली व?" जुईलीने तिचा हात धरला. "थांब, मी येते."

"नाही. बस तू." केतकीने हात सोडवून घेतला, पण हळूच. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. दोन महिने झाले, हे गाव कसं आहे ते पायलंच नाही मी."

ती रस्त्यावर गेली. दर थोड्या अंतरावर कुंपणाला हात लावून थांबत होती, छाती भरून घेत होती, पुन्हा चालत होती. वळणावर गेल्यावर दिसेनाशी झाली.

जुईलीचं पाऊल आपोआप पुढे पडलं. काकींनी मागून नुसतं "जुईली" म्हटलं.

ती थांबली. फाटक उघडं ठेवून, तिथेच, रस्त्याकडे बघत.